हसर्मावेथाच्या वंशातला सालेह

पाद्रीसर रोज दुपारी मेलेल्यांची हजेरी घ्यायचे. होते आमच्या शाळेत भूगोलाचे मास्तर, पण सदा बायबल हातात, म्हणून पाद्री. मी तिथं नवी शिक्षिका, खोली त्यांच्या शेजारीच. ओट्यावर बसून ते बायबलातल्या यक्तानाची, इश्माएलाची मुलं एकेक करून पुकारत आणि प्रत्येक नावानंतर थांबत, ओ येण्याची वाट बघितल्यासारखे. माझ्या अंगावर काटा यायचा.

"बाई, ही मुलं नव्हेत, अरबांच्या टोळ्या आहेत," ते सांगत. "शबा म्हणजे येमेनकडचे. केदार म्हणजे वाळवंटातले मेंढपाळ. नाव घेणारा असला की टोळी कुठं जात नाय."

यक्तानाचा एक मुलगा, हसर्मावेथ, मात्र त्यांना गल्लीतच सापडला. समोरच्या सालेह चाऊसचा आजोबा अरबस्तानातल्या हद्रमौतहून निजामाच्या फौजेत आलेला. हद्रमौत तेच हसर्मावेथ, असं सरांचं ठाम मत. ते सालेहला पिढ्या म्हणायला लावत. तो बापापासून मागं मागं जायचा, स्वतःचं नाव घ्यायचा नाही. "जिंदा आदमी का नाम इसमें नै लेते, सर."

पोलीस ॲक्शननंतर अरबांना परत धाडायचं निघालं. "मैं तो यहीच पैदा हुआ, वो मुलुक देख्याच नै," म्हणत सालेह रडला. सर त्याच्यासाठी कचेरीत भांडायला गेले. साहेबानं विचारलं, हा मूळचा कुठला? झालं. सरांची विद्या उफाळून आली. हसर्मावेथापासून त्याचा वंश त्यांनी असा पटवून दिला, की साहेबानं मान डोलावून त्याला परत धाडायच्या कागदावर सही केली. शहाण्या माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

सालेह गेला. सरांनी त्या टोळ्या सोडल्या आणि रोज त्याच्याच पिढ्या हसर्मावेथापासून खाली म्हणू लागले. बापाच्या नावाशी येऊन थांबायचे. तेवढ्यावरच तो जिवंत आहे, अशी त्यांची खात्री होती.

एका दुपारी ते थांबलेच नाहीत. "सालेह," म्हणाले आणि पांढरेफटक पडले. "मी नाही घेतलं, बाई. तोंडातून आपोआप गेलं." पुढं मुंबईहून आलेल्या त्याच्या भावकीतल्या माणसानं सांगितलं, सालेह तिकडं पोचून तापानं गेला. त्यानंतर ओट्यावरची हजेरी बंद झाली.

सर थकले तेव्हा मी दुपारी त्यांना पेज भरवायला जायची. राग कधीच ओसरला होता, जीव लागला होता. एकदा ते डोळे मिटून पडले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एकाएकी त्यांनी समोरच्या, सालेहच्या बंद दाराकडं मान वळवली, वर्गातल्या पोरासारखा हात वर केला आणि स्पष्ट म्हणाले, "हजर."

हात खाली आला, तेव्हा सर गेलेले होते.