तासभर आधीचं भाषण

आता हसणारच असाल, तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मी घातलेला घोळ ऐकताना ठसका लागू शकतो.

आमच्या अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळाने वादविवाद ठेवला होता: वर्षातून दोनदा घड्याळं फिरवणं बंद करावं का? दिवसही असा हुशारीने निवडलेला, की मार्चमधला नेमका तोच रविवार, घड्याळं तासभर पुढे जायची तोच! मी ठरावाच्या बाजूने बोलणार. मी! टोस्टरमधून ब्रेड उडाला तरी दचकणारी! गेल्या वर्षी त्याच स्टेजवर माईक हातात आला, तेव्हा मी 'नमस्कार' म्हणून थेट पार्किंगमध्ये पळाले होते. यंदाही पळाले, तर पुन्हा जन्मात माईकला हात लावायचा नाही, असं ठरवूनच टाकलं होतं.

सकाळी उठल्याउठल्या मी स्वयंपाकघरातलं घड्याळ एक तास पुढे केलं. केवढी जबाबदार मुलगी, नाही का? फोन मात्र बंद केला, कारण नागपूरहून आई सारखी विचारत होती, "पाठ झालं का गं?"

बरोबर दोनला हॉलचं दार ढकललं. हॉल गच्च! सगळ्या बायका, सगळ्या जरीच्या साड्यांत. स्टेजवर फुलांनी सजवलेला झोपाळा, त्यावर हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून अध्यक्षबाई बसलेल्या. म्हटलं, मंडळाने यंदा बजेट वाढवलेलं दिसतंय!

माईक धरलेल्या एक मावशी ओरडल्या, "चला, आता कोण? लाजू नका गं!"

"मी!" अजून मिनिटभर थांबले असते, तर पार्किंगच गाठलं असतं.

आणि काय सांगू, सुटलेच की मी!

"सन्माननीय अध्यक्ष महोदया, हे घड्याळं फिरवणं आता पुरे! झोपेचं पार खोबरं होतं! तान्ह्या बाळाला काय कळणार, घड्याळ बदललंय ते?"

अध्यक्षबाईंनी पोटावर हात ठेवून जोरात मान हलवली. टाळ्याच टाळ्या! मला असा काही चेव आला, की शेजारच्या टेबलावर मी मूठ आपटली. तिथल्या दोन झाकलेल्या वाट्या उडाल्या. एकीतून पेढा घरंगळला, दुसरीतून बर्फी.

सगळ्या बायका त्या वाट्यांकडे बघायला लागल्या.

"अगं, त्यातली एक मी उघडायची होती ना!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

डोहाळजेवण! अहो, मी कुणाच्या तरी डोहाळजेवणात घुसून ठराव मांडत होते!

मावशींनी प्रेमाने विचारलं, "तू सासरकडची की माहेरकडची गं?"

"मी... वादविवादाची."

"तो दोनला आहे! आत्ता कुठे एक वाजून गेलाय."

फोन चालू करून रूममेटला, मृणालला लावला. ती किंचाळली, "यार, घड्याळ मी रात्रीच पुढे केलं होतं! तू पुन्हा पुढे केलंस?"

एका घरात दोन जबाबदार मुली असू नयेत, हेच खरं.

मी पार्किंगकडे निघालेच होते, तेवढ्यात झोपाळ्यावरच्या सायलीने हात धरला. "पळतेस कुठे? इतकी हसले, की बाळसुद्धा नाचलं. जेवून जायचं. आणि ते भाषण आम्हाला पुन्हा ऐकायचंय!"

खऱ्या दोन वाजता, पोटभर जेवून, मी त्याच स्टेजवर उभी राहिले. आणि भीती? शिल्लकच नव्हती हो! आता आणखी काय व्हायचं राहिलं होतं? सगळं भाषण केलं, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत. टेबलापासून लांब उभं राहून.

मग विरोधी बाजूचे साठे काका उठले. निवृत्त इंजिनिअर, आवाज खणखणीत. "एका तासाने कुणाचं काय बिघडतं? असा एक तरी माणूस दाखवा मला!"

मागच्या रांगेतून अख्खं डोहाळजेवण एका सुरात ओरडलं, "ही काय, समोरच उभी आहे!"

ठराव मंजूर! डोळे पुसत पुसत साठे काकांनीसुद्धा हात वर केला. मुद्दे मी आठवडाभर घोकले होते, पण जिंकले ते पुरावा म्हणून.

निघताना सायली म्हणाली, "बारशाला यायचंच हं. फक्त घरातल्या घड्याळाला हात लावू नकोस, तुला न्यायला आम्हीच येऊ!"