औंधच्या रस्त्यावर अडखळलेली गाडी

हिकडं सरक बघू जरा. कागदावरनं कान धरता येत नाही म्हणून वाचलीस. परवा फोनवर किती सहज म्हणालीस, "आत्ती, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी जरा अडते, मग पळते. सवय झालीय." सवय झालीय म्हणे! साताऱ्याच्या हायवेला तू रोज ट्रकांच्या मधनं जातेस, बाई.

आमचीही गाडी अशीच अडायची. बेदाण्याचा हंगाम होता, म्हणून ती तासगावच्या शेडमध्येच उभी असायची. आधी पापणी लवेल इतकंच अडणं. तुझे आतोबा म्हणाले, "गार हाय, तापू दे." मग म्हणाले, पेट्रोलच वाईट. मी गुपचूप मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. पण ते अडणं वाढतच गेलं. दाबलं की इंजिनाचा आवाज बसायचा, मागनं कुणी धरून ठेवल्यासारखा. आम्ही तिच्या कलानं घ्यायला शिकलो. पाय हलका ठेवायचा, कुणाच्या पुढं काढायला जायचं नाही. घरात सगळ्यांना ते पाठ झालं होतं.

सगळ्यांना, पण सुट्टीवर आलेल्या लेकाला नाही. फौजेतनं आला, आणि दुसऱ्याच दिवशी मला म्हणाला, "चल आई, औंधच्या यमाईला जाऊन येऊ."

भर दुपारची वेळ. विट्याच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. लेकानं गाडी उजवीकडं काढली. माझ्या काचेशी उसाची टोकं घासायला लागली, आणि मला आठवलं.

"अरं, ही अडती रं..."

तोवर त्यानं दाबलं होतं. गाडी अडली. समोरनं एसटी येत होती, दिव्यांची उघडझाप करत. लेक दाबतोय, आणि गाडी आहे तिथंच. ट्रॉली काही संपेना. शेवटी त्यानं ब्रेक मारला आणि ट्रॉलीच्या मागं गाडी घातली. एसटी त्याच्या बाजूचा आरसा घेऊन गेली. आरसाच गेला, एवढंच.

लिंबाखाली गाडी थांबवून त्यानं किल्ली काढली. मग म्हणाला, "आई, तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"आमच्या फौजेत गाडी दुसऱ्याच्या हातात देताना तिची खोड आदी सांगत्यात."

ओरडला असता तर बरं झालं असतं.

हळूहळू मागं विट्याला नेली. मिस्त्रीनं हवा गाळायचा डबा उघडला. आत चिंध्या, गोणपाटाचे धागे आणि मूठभर बेदाणे. शेडमधल्या उंदरानं संसार थाटला होता.

"मावशी, बेदाणा हितं वाळाय घातला व्हय?" मिस्त्री म्हणाला. आम्ही दोघंही हसलो नाही, तसा त्यानं डबा झाडून काढला. हात पुसत म्हणाला, "हिला हवाच मिळंना. कुणाचा पेट्रोलचा फिल्टर तुंबतो, कुणाचे प्लग जात्यात, कुणाचा पंप. पर गाडी आदी सांगती, मावशी. लय दिवस सांगती."

तुझी किती दिवस सांगतेय गं? जावईबापूंना सांगितलंस का? त्यांनी एखाद्या दिवशी चावी उचलली तर?

गाडी उद्याच मिस्त्रीकडं सोड आणि तासगावची एसटी धर. द्राक्षं अजून वेलीवर आहेत. दोन दिवस राहा, मला तुला डोळ्यांनी बघू दे. लवकर ये, ह्याच आठवड्यात ये.