आमचाच चहा पिऊन आमचं घर विकलं

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय.

सात वर्षं नाशिकला, पाथर्डी फाट्याजवळ भाड्याने राहतोय. बायको दरवर्षी म्हणते, स्वतःचं घर घेऊ. मी दरवर्षी तिला समजावतो की हप्ते भरण्यापेक्षा भाडंच परवडतं. स्वतःला फार हुशार समजत होतो.

आज सकाळी घरमालक काका निफाडच्या एका जोडप्याला घेऊन आले. "पाहुणे आहेत, सहज घर बघतील," म्हणाले. दारात आलेल्याला चहा विचारायचा, एवढंच आम्हाला माहीत. बायकोने आलं घालून चहा केला. मीही हौसेने सांगत बसलो, की पाणी भरपूर येतं, गॅलरीत छान वारा असतो, शेजार चांगला आहे.

चहा संपला आणि काकांनी तिथेच, आमच्या सोफ्यावर बसून, त्यांच्याशी घराचा व्यवहार पक्का केला. मग माझ्याकडे वळले. "तुमचा करार या महिन्यात संपतोय ना? आता नवा नको करायला."

जाताना त्या बाई गॅलरीत थांबल्या. बायकोने वाढवलेल्या मोगऱ्याला हात लावून म्हणाल्या, "ताई, या कुंड्या इथंच राहू द्या ना. मोगरा लय भारी हाय."

बायको कप विसळत राहिली.

तेव्हा भाडं आणि हप्त्याचं गणित मला कुणी शिकवू नका. ते मीच सात वर्षं शिकवत होतो. एवढंच सांगा, पुढच्या भाड्याच्या घरात मोगरा लाव, असं तिला कुठल्या तोंडाने सांगू?