दोन आखूड, एक लांब

इंजन उतरवून दुसरं बसवलं की शेवटी दोन-चार नट-बोल्ट उरतातच. गाडी चालू होते, गिऱ्हाईक खुशीत निघून जातं, आणि आपण हातातल्या नटाकडं पाहत बसतो, हा बाप्पा कुठला राहिला? असे नट मी एका डब्यात टाकत गेलो. किस्स्यांचंही तसंच झालं. दिग्रसला पुसद रोडवर सारी उमर गॅरेज चालवलं, डबा भरत गेला. आज हलवून पाहिला तर वर सगळे उत्तमचेच आले.

उत्तम आणि मी भागीदार. तो तांड्यावरचा, मी गावातला. शाळेत दोघंही गेलो नाही. अक्षरं मी गाड्यांच्या पाट्या पाहून शिकलो, उत्तमनं तेवढाही त्रास घेतला नाही. कामाची वाटणी ठरलेली. लोखंड माझं, नळ्या त्याच्या. म्हणजे इंजन उचलणं, बसवणं, कसणं मी करायचं; डिझेलच्या नळ्या, पाण्याचे पाइप, रेडिएटर, हे सगळं त्याचं.

*

नळी नवी असो की जुनी, उत्तम ती आधी तोंडाला लावायचा. एका टोकातून फुंकायचा, दुसऱ्या टोकावर बोट अर्धं धरायचा. साफ नळी शिट्टी मारायची. आत कचरा असला की नुसती फुसफुस.

महागावचे एक गुरुजी आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, "उत्तमभाऊ, गाडी दुरुस्त करून राह्यले का बासरी वाजवून राह्यले?"

उत्तम म्हणाला, "इथं वाजू द्या गुरुजी. नाई तं उद्या घाटात डोक्शाले हात लावून बसान!"

दुपारी त्याची बायको, सुमनवहिनी, डबा घेऊन रस्त्याच्या पलीकडं यायची. ट्रक, एसट्या जाईपर्यंत तिथंच उभी. रस्ता मोकळा झाला की उत्तम हातातल्या नळीतून शिट्टी द्यायचा. दोन आखूड, एक लांब. म्हणजे ये आता.

वहिनी यायची आणि डबा बॉनेटवर आपटायची. "मी काय बकरी हाय का, शिट्टी मारून बोलवाले?"

रोज! एक दिवस चुकला नाही. तो रोज शिट्टी द्यायचा, ती रोज हेच म्हणायची, आणि मग डबा उघडायची.

*

एकदा उत्तम सोयऱ्याच्या लग्नाला गेलता. एका जीपचं इंजन बदलून झालं होतं, मालक घाईत. मी म्हटलं, नळ्यांत काय मोठं? डिझेलच्या दोनच तर असतात. एक टाकीतून इंजनाकडं जाणारी, एक उरलेलं डिझेल परत आणणारी. लावल्या. गाडी पहिल्याच सेल्फला चालू!

आठ दिवसांनी जीपवाला आला. "मिस्त्री, अर्धी टाकी झाली का गाडी बंद पडते. पुन्हा भरली का चालते. हिले भरल्या पोटाचीच सवय लावली का तुम्ही?"

मी पंप पाहिला, फिल्टर बदलला. काही नाही. उत्तम आला, टाकीला कान लावून दोन्ही नळ्या आळीपाळीनं फुंकल्या. एकीनं टाकीत बुडबुड केलं, दुसरी गप्प. परत आणणारी नळी टाकीत वरच संपते, टाकी अर्धी झाली की डिझेलपर्यंत पोचत नाही. इंजन बिचारं तिच्यातूनच ओढत होतं.

माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भैताड! जाणारीची येणारी केली तू!"

आणि जीपवाल्याकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "माह्याच हातानं चूक झाली दादा. लग्नाची गडबड होती." जीपवाल्यानं त्याला भरपूर सुनावलं. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या दिवसापासून जाणाऱ्या नळीला तो लाल धागा बांधू लागला. स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी.

*

नवं इंजन बसलं की पाणी भरताना आत हवा अडकते. ती राहिली तर गरमीचा काटा वर जातो आणि इंजन जळतं. आम्ही गाडी गॅरेजमागच्या उतारावर लावायचो, तोंड वर करून. उत्तम रेडिएटरच्या तोंडाशी बसून लोट्यानं धार सोडायचा. एक बुडबुडा आला की थांबायचा. मग पुन्हा थोडं. वरचा पाइप हातानं दाबून पाहायचा, लेकराचं पोट दाबावं तसा. कधी कधी तासभर.

वहिनी एकदा बघत उभी राहिली. म्हणाली, "भाऊजी, येवढा वेळ यांनी माह्याकडं पाह्यलं असतं, तं मी पण कधी गरम झाली नसती!"

उत्तम इतका हसला की लोटा पडला.

त्याच दुपारी मी पाहिलं. वहिनीनं भाकर वरणात कुस्करून आणली होती, लहान पोराला देतात तशी. उत्तम चमच्यानं खात होता. मी विचारलं तर म्हणाला, "तोंड उघडत नाई लेका. अर्धी इंची नळी जाते, भाकर जात नाई!" आणि हसला. हसायलाही ते नीट उघडलं नाही.

खर्रा. आमच्याकडं सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घासत खर्रा घोटण्याचा आवाज ज्या गॅरेजात नाही, ते गॅरेज बंद आहे असं समजावं. दिवसातून सहा वेळा मीच घोटायचो. अर्धा त्याचा, अर्धा माझा.

माझ्या तोंडात अजून तीन बोटं जातात.

*

नागपूरच्या डॉक्टरनं कागदावर गळ्याचं चित्र काढून समजावलं. कॅन्सरची गाठ आवाजाच्या पेटीत उतरली आहे. पेटी काढावी लागेल. श्वासासाठी गळ्याला समोरून भोक ठेवू. नाका-तोंडानं श्वास नाही, बोलणं नाही. वहिनीनं पदर तोंडात धरला. डॉक्टर म्हणाले, "समजलं का?"

उत्तम चित्राकडं पाहत म्हणाला, "समजलं ना साहेब. वरची नळी बंद, तं बायपास देऊन राह्यले तुम्ही. आमचं रोजचंच काम हाय. फक्त लिकेज होऊ देऊ नका!"

डॉक्टर हसले. मी हसलो. वहिनी नाही हसली.

*

ऑपरेशनला आत नेताना वहिनी स्ट्रेचरच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. आवाज आता एवढ्या दारापर्यंतच होता. ते तिघांनाही ठाऊक होतं. वहिनी म्हणाली, "बोला ना काही तरी."

उत्तमनं तिच्याकडं पाहिलं. ओठ हलले. मग मान माझ्याकडं वळवली आणि म्हणाला, "सुदामा, गरम रेडिएटरचं झाकण खोलू नको. तुले घाई असते."

दार बंद झालं.

वहिनी बाकड्यावर बसली. म्हणाली, "तुम्हाले झाकणाचं सांगतलं भाऊजी. मले काहीच नाई."

मी चहा आणायला उठलो.

*

गुरुजींच्या व्हॅनचं इंजन उत्तमच्या आजारपणाच्या आधीच उतरवलं होतं. दुसरं मी बसवूनही ठेवलं. पण गुरुजी म्हणाले, "नळ्या उत्तमभाऊच बसवतीन. तोवर मी एसटीनं जातो." व्हॅन सहा महिने शेडमध्ये उभी.

उत्तम घरीच असायचा. गळ्याला रुमाल, तोंड भिंतीकडं. काही हवं असलं की वाटी वाजवायचा. वहिनी म्हणायची, "मिरच्यावाला गल्लीत येऊन दोन शब्द बोलते. घरात कोणीच बोलत नाई." पुढं पुढं तीही बोलायची बंद झाली. कोणाशी बोलावं?

शेवटी मीच एक दिवस त्याला धरून गॅरेजात आणलं. स्टुलावर बसवलं, हातात पाना दिला. म्हटलं, एकदा वाजवलं तर हो, दोनदा वाजवलं तर नाही. नळ्या मी जोडत गेलो, तो बघत होता. लाल धाग्याची जाणारी. एक टक. पाण्याचे पाइप, क्लिपा. एक टक. उतारावर लावून पाणी भरलं, बुडबुडे संपेपर्यंत. एक टक. सेल्फ मारला.

इंजन फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा मारला. नाही.

टक टक.

उत्तम उठला, खाली वाकला आणि टाकीतून इंजनाकडं जाणारी लोखंडी नळी सोडवून हातात घेतली. सहा महिने तिची तोंडं उघडी होती. चिंधी कोंबायची मी विसरलो होतो. आत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं!

जुन्या सवयीनं त्यानं नळी तोंडाला लावली. गाल फुगलेच नाहीत. श्वास गळ्यातून निघून गेला, रुमाल तेवढा हलला. तो नळीकडं पाहत राहिला. मी पान्यांच्या खोक्यात काही तरी शोधू लागलो.

मागं रबरी नळ्यांचा डबा उघडल्याचा आवाज आला म्हणून वळलो. त्यानं नव्या रबरी नळीचा तुकडा काढून लोखंडीच्या टोकाला चढवला होता. रबराचं दुसरं टोक पुसलं. गळ्याचा रुमाल बाजूला केला. टोक त्या भोकावर ठेवलं, भोवती हात दाबून धरला आणि जोर लावला. चेहरा लाल झाला.

फट्!

मातीचा गोळा माझ्या पायाशी पडला.

त्यानं दम घेतला. मग नळीच्या दुसऱ्या टोकावर बोट अर्धं ठेवलं.

सुमनवहिनी रस्त्याच्या पलीकडं उभी होती, वरणाचा डबा घेऊन. एक ट्रक गेला. एक एसटी गेली. रस्ता मोकळा झाला.

दोन आखूड, एक लांब.

वहिनी हलली नाही. पुन्हा एक ट्रक आला, गेला. उत्तमनं पुन्हा शिट्टी दिली. दोन आखूड, एक लांब.

मग ती आली. तिनं डबा व्हॅनच्या बॉनेटवर आपटला, आपटला तसा दोन्ही हातांनी धरून राहिली, आणि म्हणाली,

"मी काय बकरी हाय का?"