नवऱ्याने बसवलेलं ग्राफिक्स कार्ड

घरी बसून मी लोकांच्या स्वयंपाकघरांची थ्रीडी चित्रं करून देते. मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेत बेडरूमचा एक कोपरा, तेवढं माझं ऑफिस. आमचा कॉम्प्युटर त्या चित्रातला साधा ओटा फिरवायलाही इतका वेळ घ्यायचा, की फोनवरचं गिऱ्हाईक कंटाळायचं. म्हणून माझ्या कमाईतून नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. दुकानदार म्हणाला, मी बसवून देतो. नवऱ्याला तो अपमान वाटला.

"दोन स्क्रू तर असतात यार! त्यासाठी मशीन उचलून दुकानात नेऊ?"

मे महिन्यातल्या एका रविवारी सोहळा झाला. मी टॉर्च धरून उभी. साहेबांनी कार्ड बसवायचा व्हिडिओ तीनदा मागे नेऊन पाहिला, मग कार्ड आत गेलं आणि पंखे फिरले. सासूबाईंनी लगेच शेजारी जाऊन लेकाचं कौतुक जाहीर केलं, "माज्या झिलान सोता बसवल्यान!"

"झकास पळतंय ना आता?" त्याने विचारलं. ओटा पूर्वीसारखाच रांगत होता. पण त्याचा घामाघूम चेहरा बघून मी म्हटलं, "हो, फरक आहे." पुढे तो जेव्हा जेव्हा विचारी, तेव्हा हेच म्हणत राहिले. तो मित्रांना सल्ले द्यायला लागला. मला वाटे, कार्ड ठीकच असणार, मलाच काम जमत नाही. घाटकोपरच्या एक बाई मला नेहमी कामं द्यायच्या. वाट बघून कंटाळल्या आणि दुसरीकडे गेल्या.

दसऱ्याला पूजेसाठी कॉम्प्युटर पुसायला घेतला. एरवी मागची बाजू कोण पुसतंय? त्या दिवशी पुसली. नव्या कार्डाच्या केबल लावायच्या सगळ्या तोंडांवर कंपनीची प्लास्टिकची टोपणं तशीच होती. स्क्रीनची केबल अजून जुन्याच जागी! इतके महिने कार्ड आत नुसतं शोभेला होतं. मी टोपणं काढली, केबल कार्डात लावली, मशीन सुरू करून ओटा फिरवला. गर्रकन फिरला. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

नवरा झेंडूचा हार घेऊन आला. "बघ कसं पळतंय! मी बसवलंय."

"आजपासून पळतंय," मी म्हटलं. केबल दाखवली, टोपणं त्याच्या हातात ठेवली.

त्याने ती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "पण तूच तर म्हणायचीस ना, फरक आहे म्हणून?"

कामं माझी गेली होती, आणि खोटं बोलणारीही मीच ठरले.