हजला निघण्याआधी, घोडपदेव ते गिरगाव

हजचा नंबर लागल्याचा मेसेज आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. आनंद झालाच, पण तांदूळ बाजूला सारून मी आधी नावं मोजायला बसले. हजला निघण्याआधी आपल्यात ओळखीच्या प्रत्येकाच्या दारी जाऊन म्हणावं लागतं, काही चुकलं असेल तर माफ करा. नमाज चुकली तर अल्लाह माफ करील. माणसाचा हक्क मारला असेल तर माफी त्या माणसाकडेच असते. जावा, भाऊ, शेजारी, दूधवाला, सगळे झाले. राहिले सावंत.

आमचे हे गिरणीत साचेवाले, कापड विणायचे. सावंत शेजारच्या साच्यांवर. संपात दोघांनी ठरवलं होतं, आत जायचं नाही. आमचा थोरला तापाने फणफणला आणि एका पहाटे हे मागच्या फाटकातून आत गेले. सावंत बाहेरच राहिले. पुढे त्यांना परत घेतलं नाही, त्यांचे साचे ह्यांना दिले. त्या पगारावर माझी मुलं वाढली. तो घास हलाल होता का, हा प्रश्न मला अजून सजद्यात कपाळ टेकताना गाठतो.

तुम्हीही असे निघणार असाल तर जुम्म्याचा शुक्रवार टाळा, सकाळी निघा. मिठाईऐवजी खजूर न्या. स्वस्त पडतात, साखरेचे आजारीही एखादा खातात. टॅक्सी लागत नाही. आम्ही लालबागपर्यंत चाललो, मसाल्याचा ठसका खात, आणि तिथून बस धरली. लोअर परळला गिरणीच्या जागी काचेची इमारत आहे. हे तिच्याकडे न बघता आपल्या चपलांकडे बघत राहिले.

सावंत राहायचे त्या वरळीच्या बीडीडी चाळीत अर्ध्या खोल्या रिकाम्या, सगळीकडे पत्रे ठोकलेले. नळावर एक म्हातारी होती.

"सावंत ना? लेकीकडे असतात, गिरगावात." तिने पत्ता सांगितला आणि ह्यांना न्याहाळलं. "तुम्ही गिरणीतले काय?"

"हो."

"आत गेलेले की बाहेरचे?"

मी म्हटलं, "चला, बस जाईल."

दुपारी जोहरच्या नमाजेला बायकांची पंचाईत होते. ह्यांना वाटेत मशीद मिळाली. मी बाटलीतल्या पाण्याने हात-तोंड-पाय धुऊन वुजू केला आणि एका बागेत झाडाआड जानमाज अंथरली. गिरगावात बटाटावडा घेतला, स्वस्त आणि गरम. ह्यांनी अर्धाही खाल्ला नाही. दुसऱ्या मजल्यावर चढताना मनात एकच विचार होता. त्यांनी दार लावून घेतलं तर?

दार सुमनवहिनींनी उघडलं, सावंतांच्या बायकोने. ओळखलं, पण 'या' म्हणाल्या नाहीत; नुसत्या बाजूला झाल्या. सावंत खुर्चीत होते.

"इस्माईल! खंय होतंस रे? दुसरी पाळी काय तुझी?"

तेव्हा कळलं, त्यांना आजचं काही आठवत नाही. ह्यांनी त्यांचे हात धरले. "सावंत, माझं चुकलं. माफ कर."

"माफ, माफ! चाय घे."

हे लहान मुलासारखे रडले. मी खजूर घेऊन स्वयंपाकघरात गेले. वहिनी चहा गाळत होत्या.

"ते आता दुधाच्या पिशवीलाही माफ करतात," त्या म्हणाल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"वहिनी, आणि तुम्ही?"

"मला विचारलंय कुणी? ते सभेला जायचे. पेजेचं पाणी पाजून पोरांना निजवायची कोण? त्यांची माफी ते देऊ देत, जैबून. माझी मी नाही देत."

मी खजूर ओट्यावर ठेवले आणि कप बाहेर नेले.

परतताना हे तसबीहचे मणी ओढत होते, चेहरा धुतल्यासारखा. सांगितलं तर हे मोडतील, लपवलं तर कयामतच्या दिवशी मलाही विचारलं जाईल. दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाली आणि सांगून टाकलं. ह्यांनी जानमाज घडी केली, चपला घातल्या आणि एकटेच निघाले.

दुपार कलली, असरची अजान होऊन गेली तेव्हा आले.

"काय झालं हो?"

"वहिनींनी उंबऱ्याशी बसवलं मला. संप लागला तिथपासून सांगत होत्या. काय विकलं, कोण आजारी पडलं, कोणी दार उघडलं नाही."

"माफ केलं?"

"विचारायची हिंमत झाली नाही. सावंतांच्या जेवणाची वेळ झाली म्हणून थांबल्या. म्हणाल्या, उद्या या, अजून संपातल्या पहिल्या पावसाळ्यापर्यंतच आलेय मी."

विमान चार दिवसांवर आहे. हे आज पुन्हा गिरगावात गेलेत. तुमच्यापैकी कुणाचा नंबर लागायचा असेल तर त्याची वाट बघत बसू नका, आणि माफी मागायला जाल तेव्हा त्या घरातल्या बाईसमोरही बसा. मी दर नमाजेनंतर दुआ करते, या अल्लाह, वहिनींचं सांगून लवकर संपू दे. मग जीभ चावते. त्या बाईला इतक्या वर्षांनी कुणी ऐकणारं मिळालंय, आणि मला घाई झालीय.