माशाशी मराठी

एग्मोरहून तांबरमला जाणाऱ्या गाडीत समोरच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर काचेची बरणी होती. आत एक रंगीत मासा पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होता. पाण्यात हवा मिसळावी म्हणून म्हातारबुवा पितळी पेल्यात बरणीतलंच पाणी घेत आणि हात उंच करून, मद्रासी कॉफीसारखी लांब धार परत आत सोडत.

"साखर टाका, सार!" शेजारचा तमिळ प्रवासी म्हणाला. सारा डबा हसला.

म्हातारबुवा मात्र माशाला समजावत होते, "उगी रे बाळा, घर आलं हो."

मद्रासेत मराठी! मी उडालोच. "माशाशी मराठीत बोलता?"

"पोरांसी बोलतों तर तीं तमिळांत जबाब देतात," ते तंजावरी हेलात म्हणाले. "हा निदान तोंड तरी उघडतो!"

मला कुठलं राहवायला! बरणीवर वाकून मी म्हणालो, "जग रे माझ्या राजा!"

"तुमची मराठी पुण्याकडची. त्याला कळायची नाही."

पुन्हा धार पडली. मासा खाली गेला, वळला आणि शेपूट हलवत माझ्या बाजूच्या काचेशी आला.

"कळली की!" म्हातारबुवांनी बरणी माझ्यापुढे धरली. "आणिक बोला. माझें ठेसन येईतों बोला."

मी बोलत राहिलो. मासा ऐकत होता की नाही, देव जाणे. म्हातारबुवा डोळे मिटून ऐकत होते.